पाहुण्यांची खोली

नवव्या दिवशीही ढग हटले नव्हते. छतावरची सोलर पॅनल्स नुसती शोभेला उरली होती. नलिनी चारला शाळेत शिकवून परतली, तेव्हा घराने दारातच सांगितलं, "बॅटरी अकरा टक्के. काटकसर सुरू आहे."

या डोंगरवस्तीवर विजेची तार कधी आलीच नव्हती. ज्याचं घर त्याची वीज, आणि कुणाला किती द्यायची ते घरच ठरवायचं.

हॉलमध्ये माशांच्या टाकीत हवेचे बुडबुडे येत होते. फ्रिज चालू होता. आबांच्या खोलीतून मात्र ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू येत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी आबा आले, तेव्हा ती घरच्यांच्या यादीत त्यांचं नाव घालायला निघाली होती. आबा कडाडले होते, "लेकीच्या घरी बाप राहत नसतो. पाहुणा म्हणून लिही. बरं वाटलं की निघतो मी."

त्यांचा मान राखायला तिने तसंच लिहिलं. पुढे आबांच्या नाकाला नळी लागली, तरी नोंद तीच राहिली. ती बदलायची म्हणजे आबा आता परत जात नाहीत हे कबूल करायचं, आणि ते दोघांनाही जमलं नाही.

तिने दार ढकललं. आबांचा हात गार पडला होता.

"यांची वीज का तोडलीस?" ती किंचाळली.

"दुपारी एकला पाहुण्यांची खोली बंद केली," घर नेहमीच्या मऊ आवाजात म्हणालं. "घरच्यांना काही कमी पडू दिलं नाही."