मळवट

आरतीची घंटा सुरू झाली आणि अंबिकेची पाठ आपोआप ताठ झाली.

लालबागच्या त्या चाळीत पहिल्या मजल्यावर, जिन्यापाशी, दरवर्षीप्रमाणे नवरात्राचा घट बसला होता. सवाष्णी पुढे, पुरुष कठड्याला टेकून, विधवा मागे भिंतीला लागून. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. तो मोडायला मात्र कुणी धजत नाही. अंबिका भिंतीशी मांडी घालून बसली होती. तिची सून अनुजा त्याहून मागे, आपल्या खोलीच्या दारात उभी होती. घटापुढची रांगोळी पूर्वी अनुजाच काढायची. तिच्या नवऱ्याचं, निलेशचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरचं हे पहिलं नवरात्र. सकाळी ती रांगोळीचा डबा घेऊन निघाली, तेव्हा अंबिकेनेच तिला अडवलं होतं.

"नको जाऊस, पोरी. बोलतील."

"तुम्हाला बोलतात?"

"आता नाही बोलत. मी पुढे जातच नाही ना."

आता या ताठ पाठीचं. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये दर गुरुवारी साधनेचा वर्ग भरायचा. अंबिका तिथे जायची आणि चाळीत सांगायची, गुडघ्यांसाठी योगा करते. तिथल्या मेघनाताई सांगत, माकडहाडापाशी एक शक्ती वेटोळं घालून निजलेली असते. जागी झाली की कण्यातून वर चढते. अंग थरथरलं तर घाबरू नका, आवरू नका. जन्मभर कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटलेल्या बाईला पाठ आठवायची ती दुखली की. तिथे कुणीतरी निजलंय हे ऐकून तिला आधी हसूच आलं. चला, या देहात कुणाला तरी झोप मिळाली म्हणायची.

आता हसू येत नव्हतं. कमरेच्या तळाशी ऊब सुटली आणि एकेक मणका चाचपत वर येऊ लागली. पोटात आली. छातीत आली. छातीत निलेश होता. तिथे ती अडली, आणि अंबिकेला हुंदका फुटला. मग खांदे हलू लागले, मान हलू लागली. तिने काही आवरलं नाही. डोळे मिटलेलेच ठेवले.

"आई माऊली इली गो!" सुंदराबाई ओरडली.

सुंदराबाई चाळीतली सगळ्यात जुनी सवाष्ण. देवधर्मात तिचा शब्द शेवटचा. आणि खरं सांगायचं तर यात शंका घ्यायलाही कुणाला सुचलं नसतं. या चाळीत बाई घुमायला लागली की अंगात देवी आली. कणाबिणा जागा होण्याची इथे रीत नाही. बायकांनी अंबिकेला धरून घटासमोर आणलं. कुणी हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, कुणी खणानारळाने ओटी भरली. देवी काही विधवा नसते, तेव्हा ती अडचणही नव्हती.

ऊब गळ्यातून वर सरकली आणि भुवयांच्या मधोमध येऊन थांबली. नेमका तिथेच सुंदराबाईचा अंगठा टेकला. कुंकू गार होतं, ओलसर होतं. अंगठा कपाळभर फिरला आणि मळवट भरला गेला.

नवरा गेल्यापासून त्या जागेला कुणाचं बोट लागलं नव्हतं. अंबिका ढसाढसा रडली. हळूहळू अंग शांत झालं. तिने डोळे उघडले. सगळी चाळ हात जोडून उभी होती. मागे दारात अनुजाचेही हात जोडलेले होते.

"सांग आई, काय आसा तुझ्या मनात?" सुंदराबाईने विचारलं.

अंबिकेला उमगलं, या घडीला आपण म्हणू ते होईल. अनुजाला पुढे बोलवा म्हटलं तर बोलावतील. तिचा मळवट भरा म्हटलं तर भरतील. देवीचा शब्द कोण मोडतो? पण देवी उठून गेली की तेच कुंकू पुसायलाही हीच माणसं येतील.

"देवी नाही आली," ती म्हणाली. "मी अंबिकाच आहे. माझंच काहीतरी जागं झालं."

घंटा थांबली. कुणीतरी वर धरलेला मोबाईल खाली घेतला. सुंदराबाईचा चेहरा पडला. तिच्या हातून एका विधवेला कुंकू लागलं होतं. तिने पदराचं टोक पुढे केलं.

"मगे ह्या पुसूक व्हया."

अंबिकेने तिचा हात धरला. हलकेच धरला, पण सोडला नाही.

"काकी, तुम्ही लावलंत ना, तेव्हा खूप बरं वाटलं मला. राहू दे."

ती उठली आणि बांगड्या वाजवत दारापाशी गेली. माणसं बाजूला झाली. काय करावं हे न सुचून झाली.

"आई, नको," अनुजा पुटपुटली. "बोलतील."

"बोलू दे. सकाळी मी चुकले."

अनुजा सासूच्या कपाळाकडे बघत राहिली. "तुम्ही देवी असतात तर मी नसतं लावून घेतलं," ती म्हणाली. "हॉस्पिटलात मी तिला किती हाका मारल्या. तेव्हा नाही आली."

आणि तिने मान वर केली. अंबिकेच्या हातात कुंकू नव्हतं. तिने आपलं कपाळ सुनेच्या कपाळाला टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

इतक्या गडबडीत घटापुढची रांगोळी पायांखाली पुसून गेली होती. अनुजा आत गेली, रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांमधून चालत थेट पुढे जाऊन बसली. तिची पाठ ताठ होती.

रांगोळीला जागा व्हावी म्हणून सुंदराबाईने पाय तेवढे मागे घेतले.