पाकाची गोळी

काहिलीतला रस आटून फसफसत वर येऊ लागला, तशी नाथाजींनी बाजेवरून मुलाला हाक मारली.

"हंबीर, घे गोळी."

इस्लामपूरच्या या शिवारात तीस वर्षं गूळ शिजवला तो नाथाजींनीच. दिवाळीत त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. हंबीर मागल्याच आठवड्यात इटलीच्या लढाईवरून परतला होता. पलटणीत जाण्याआधी त्यानं बापाच्या हाताखाली चार हंगाम काढले होते, म्हणून ऊसमालक नानासो निर्धास्त होते.

हंबीरनं गार पाण्यात हात बुडवला, चिमटीत पाक घेतला आणि पाण्यातच वळला. गोळी मऊ लागली तर पाक कच्चा. टणक लागली की काहील लगेच उतरवायची.

"काय म्हणतीया?"

"मऊ हाय."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा गोळी वळली. नजर बोटांकडं नव्हती, फेसाच्या रंगाकडं होती.

"अजून मऊच हाय, आबा."

नाथाजींच्या नाकाला करपट वास आला.

"उतरा रं, उतरा."

चौघा गड्यांनी काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. गूळ काळा पडला होता. नानासोंनी कणभर जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"उद्यापास्नं दुसरा माणूस बघतो," एवढंच बोलून ते निघून गेले.

माणसं पांगली. नाथाजींनी हंबीरला जवळ बसवलं, डाव्या हातानं त्याची बोटं चाचपली. शेंडे काळपट, सुकलेले होते. त्यांनी एका बोटात नख रुतवलं. रक्ताचा थेंब आला, तरी हंबीर चुलवाणातल्या जाळाकडंच बघत होता.

"बोलला का न्हाईस?"

हंबीरनं वळून पाहिलं. मग हात मागं घेतला.

"वाटलं, घरची ऊब लागली की येतंय परत."

"कशानं झालं?"

"डोंगरात दोन दिस बर्फात पडून हुतो."

नाथाजींनी बर्फ कधी पाहिला नव्हता.

"लय गार असतंय व्हय?"

"पयलं लय पोळतं, आबा," हंबीर म्हणाला. "मग काय बी लागत न्हाई."