तिसऱ्या टप्प्यातली धाप

“नव्या मशीनला मुद्दाम धाप लावायची? लोक वेड्यात काढतील आपल्याला,” मॅनेजर म्हणाला.

शत्रूची विमानं पाडायचा तो जुना खेळ. एके काळी दुकानांत उभ्या केलेल्या पेट्यांवर पोरं तो उभ्याउभ्या खेळायची. आता तो घरातल्या टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलवर आणायचं काम तिच्याकडे होतं. बाकी सगळं तिने बसवलं होतं. अडलं होतं ते तिसऱ्या टप्प्यावर. तिथे विमानं थव्याने यायची आणि एवढा पसारा न झेपून जुनं मशीन संथ व्हायचं. गोळ्या पाण्यातून चालल्यासारख्या सरकायच्या. नव्या कन्सोलला त्याचं काहीच ओझं नव्हतं. पापणी लवते न लवते तोच खेळ खलास.

“दोष होता तो. गेला, बरं झालं.”

“मुरलेल्या खेळाडूला तरी विचारू,” ती म्हणाली. “दादाला बोलावते माझ्या.”

दादा जेवणाच्या सुट्टीत आला. पोट सुटलेलं, खिशातला फोन सारखा गुरगुरत होता. बहीणभाऊ एकाच शहरात राहत, पण भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर दवाखान्यात.

तो खुर्चीत टेकला, पहिले दोन टप्पे हसतहसत पार केले आणि तिसऱ्यात शिरताक्षणी आपटला.

“हे काही खरं नाही!” तो म्हणाला. “इथे मशीन रखडायचं ना गं, चिंगे? तेवढाच जिवाला दम मिळायचा.”

तिने मॅनेजरकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. तिने संथपणा परत घातला.

पुन्हा थवा आला. पडदा जड झाला, गोळ्या रेंगाळू लागल्या. ती नकळत दादाच्या खांद्याशी सरकली. लहानपणी दुकानातल्या पेटीवर, खेळाच्या याच जागी तो खेळायचा दांडा तिच्या हातात कोंबायचा. “घे, आता तू!” बाकी खेळ तिच्या आवाक्याबाहेरचा होता, एवढाच तुकडा तिला झेपायचा. तेवढा वेळ दादा तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. चूक झाली तरी ओरडायचा नाही.

तिचा हात पुढे झाला.

दादाची नजर पडद्यावरून हलली नाही. दातांत जीभ धरून त्याने एकेक विमान टिपलं. थवा संपला, पडदा मोकळा झाला, खेळ पुन्हा वेगात धावू लागला.

“अजून हात चालतो म्हणायचा!” दादाने मांडीवर थाप मारली. चेहरा अगदी पोरासारखा उजळला होता.

“बरं बाई, जिंकलीस. ठेवू या धाप,” मॅनेजर म्हणाला आणि निघून गेला.

तीही हसली. पुढे झालेला हात तिने ओढणीला पुसल्यासारखा केला.

लिफ्टपर्यंत ती दादाला सोडायला गेली.

“पुढच्या आठवड्यात येशील? शेवटचे टप्पे दाखवायचेत.”

“तुला कशाला उगीच त्रास?” दादा लिफ्टमध्ये शिरत म्हणाला. “बाजारात आला की घेऊनच टाकतो. घरच्या घरी निवांत खेळता येईल.”