फाटकाशी कोण

“‘बिकॉज’ म्हणू नकोस गं,” ताई दबक्या आवाजात म्हणाली. “उलट बोलल्यासारखं वाटतं मॅडमना. ‘सिन्स’ म्हण. ‘सिन्स द लॅच वॉज ब्रोकन.’ म्हणजे कडी मोडकी आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं, असं.”

“म्हणजे खापर त्यांच्याच डोक्यावर ना?”

“मग ‘ॲज’ म्हण. गुळमुळीत आहे, खपून जाईल.”

पाळणाघर सांभाळणाऱ्या दोघी फाटकाशी उभ्या होत्या. काल याच फाटकातून दोन वर्षांची एक चिमुरडी बाहेर पडली, भर रहदारीचा रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर सापडली. एक बूट पायात, एक हातात. दोघींतली धाकटी राहून राहून त्या पायरीकडे बघत होती. काल फाटक तिच्याकडे होतं. आत तिचं स्वतःचं तान्हं रडायला लागलं आणि ती धावली. फाटकाची ती मोडकी कडी वर उचलून डावीकडे दाबली तरच बसते. तिने नुसतीच लोटली होती.

“खरं तेच सांगू का? बाळ रडत होतं म्हणून?”

“शहाणीच आहेस! उद्यापासून बाळही घरी आणि तूही घरी.”

तेवढ्यात ऑफिसातून मॅडमची हाक आली. “दोघीही या आत!”

आत चिमुरडीचे आईवडील बसले होते. लेकीला आजही आणावंच लागलं होतं, ठेवणार कुठे? ती अंगणात घसरगुंडीवर खेळत होती. आईचे डोळे रात्रभर न मिटलेले.

“व्हाय वॉज द गेट ओपन?” मॅडमनी पालकांसमोरचा आवाज लावला.

“मॅडम, द गेट वॉज ओपन...” धाकटीने सुरुवात केली.

बिकॉज. सिन्स. ॲज. तिघेही जिभेवर येऊन एकमेकांना मागे ढकलत होते. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

बाहेर खट् झालं.

धाकटीने इंग्रजी तिथेच टाकलं. “ताई, फाटकाशी कोण आहे?”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

चिमुरडीच्या आईची खुर्ची मागे कलंडली, तोवर धाकटी अनवाणीच अंगणात पोचली होती. फाटक सावकाश मागेपुढे हलत होतं. घसरगुंडीखाली एकच छोटा बूट पडला होता.