सातवं पाऊल

बाळाला सहाव्यांदा ओलांडून नस्मा पलीकडे गेली आणि बायकांनी एकच गिल्ला केला. सातव्या दिवशी आईनं सात वेळा ओलांडलं की बाळाला काही होत नाही, असं मानत; आता एकदाच उरलं होतं.

पांढऱ्या चादरीवर गव्हाची मोठी चाळण, आणि चाळणीत सात दिवसांचा झियाद. एवढ्या गलक्यात तो मुठी मिटून गाढ झोपला होता. त्याच्या उशाशी सुरी होती. वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून सासूबाईंनी, हाजी तफीदांनी, ती पहिल्या दिवशीच ठेवली होती. आठवड्यात चारदा ती स्वयंपाकघरातल्या खणात सापडली. चारही वेळा सासूबाईंनी ती मुकाट्यानं परत आणून ठेवली आणि दर वेळी सुनेकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस!" सासूबाईंनी बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता दणादण वाजवला. "आईचं ऐक, बापाच्या आत्याचं तर मुळीच ऐकू नकोस!"

"का हो वहिनी, मी काय घोडं मारलंय तुमचं?" त्यांची नणंद करीमान म्हणाली, आणि खोली हसून हसून लोटपोट झाली. जिन्यात पोरं मेणबत्त्या कधी पेटवायच्या म्हणून दाराला धडका देत होती.

हाच खलबत्ता एकतीस वर्षांपूर्वी नस्माच्या नवऱ्यासाठी, हाझेमसाठी वाजला होता. त्याच्या आधी त्याच्या बहिणीसाठी, सोहैरसाठी. सोहैर चाळीस दिवसांचीही झाली नाही. कशी गेली, हे या घरात कुणी विचारत नसे. लग्न होऊन आली तेव्हा नस्माला एवढंच बजावलं होतं, की सासूसमोर ते नाव काढायचं नाही.

नस्मा चाळणीपाशी उभी राहिली. सहाही वेळा तिनं श्वास रोखून, पायाची बोटं आत आखडून पाऊल टाकलं होतं. तिसऱ्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट येत होती. येऊ नये म्हणून ती झोपतसुद्धा नव्हती, तरी ती यायचीच. हाझेमला सांगायला गेली, तर तो म्हणाला, जागरणानं डोकं फिरलंय तुझं, झोप. आईला फोन केला, तर आई म्हणाली, अभद्र बोलू नकोस, बाळंतिणीचा मुगाताचा काढा गरम गरम पी, अंगावर दूध येईल. मुगाताचे पेले ती पीत राहिली.

"अगं, टाक की पाऊल!" करीमान म्हणाली. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!"

"नाही," नस्मा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"माझा पाय त्याच्यावर पडेल."

"इश्श! पडतोय कशाला? मी धरते तुझा हात."

"तसा नाही हो." नस्मा चाळणीपासून मागे सरकली. "मीच टाकेन."

एका कोपऱ्यात कुणी शेंगदाणे सोलत होतं, ते थांबलं. मग करीमाननं छातीवर हात मारला. "अगबाई! दृष्ट लागली गं पोरीला! वहिनी, वाजवा! जोरात वाजवा!"

सासूबाईंचा हात वर गेलेला होता. बत्ता तसाच वर राहिला. नस्मानं डोळे मिटून घेतले.

दणका आला नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा सासूबाई बत्ता चादरीवर आडवा ठेवत होत्या. मग त्यांनी उशाजवळची सुरी उचलली आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकली.

"सगळ्याजणी बाहेर व्हा. पोरांना मेणबत्त्या द्या, दाणे वाटा."

"अहो, पण सहावरच सोडलं तर बाळाला..."

"करीमान. बाहेर."

दार लागलं. सासूबाईंनी झियादला उचलून घेतलं आणि दाराला पाठ टेकून त्या खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एरवी खुर्चीशिवाय बसत नसत. बाहेर पोरांनी गाणं सुरू केलं होतं. कुणीतरी दार ठोठावलं, त्या हलल्या नाहीत.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून." नस्मा भिंतीशी घसरत खाली बसली. आता तिला रडू आवरेना. "आई, मला तो हवाय हो. शप्पथ हवाय. मी वाईट आहे का?"

"वाईट असतीस तर सुरी लपवली नसतीस." सासूबाईंनी ओढणीच्या टोकानं बाळाच्या कपाळावरचा घाम टिपला. "उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी येते. हाझेमला मी सांगेन, त्याची आई सांगतेय म्हटल्यावर ऐकेल. तोवर हा माझ्यापाशी आणि तू माझ्या शेजारी. एकटी राहायचं नाहीस, न्हाणीघरातसुद्धा."

नस्मानं मान हलवली. तिची नजर रिकाम्या चाळणीकडे गेली.

"पण सातवं राहिलं," ती म्हणाली. "त्याला काही झालं तर?"

सासूबाईंनी नातवाला छातीशी धरलं, जरा जास्तच घट्ट, आणि लगेच हात सैल केला. त्या सुनेकडे बघत नव्हत्या.

"सोहैरच्या वेळी मी कुणाला काही बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "सातही पावलं पुरी केली होती. हसत हसत."