शेजारच्या वर्गातलं हसू

तिसरी 'अ'च्या बाई पंचवीस वर्षं गणित शिकवत होत्या, आणि त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येई. यंदा भिंतीपलीकडच्या तिसरी 'ब'ला कालची पोरगी बाई म्हणून आली आणि पाढ्यांच्या तासाला तिथून हशा ऐकू येऊ लागला. बाईंचा नुसता जळफळाट होई. "गणिताचा तास आहे की सर्कस?" असं त्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत बोलूनही दाखवायच्या. पण सहामाहीत 'ब'चा निकाल 'अ'च्या वर गेला, त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच घरी परत नेला.

शेवटी त्यांनी 'ब'मधल्या एका चिमुरडीला जिन्यात गाठलं. "काय गं, तुमच्या बाई असं वेगळं काय करतात?"

"त्या फळ्यावर मुद्दाम चुकतात!" ती खुदकन हसली. "मग आम्ही त्यांना पकडतो."

हात्तिच्या, एवढंच होय? बाईंचा जीव भांड्यात पडला. हे तर आपल्यालाही जमेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत '७ × ८ = ५४' लिहिलं आणि आता कोण ओरडतंय म्हणून, हसू दाबत, वर्गाकडे वळल्या.


चाळीसच्या चाळीस मुलांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं, आणि पहिल्या नंबरच्या मुलीनं तर त्याखाली पट्टीनं रेघही मारली.