बसलेला घसा

"फोन घे रे, माझे हात कणकेत आहेत!" मी ओरडले, तरी लेक जागचा हलेना.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर माइकवरून प्रतिज्ञा म्हणताना त्याचा आवाज चिरकला आणि सगळी मुलं हसली. तेव्हापासून तेरा वर्षांच्या माझ्या बडबड्या पोरानं तोंडाला कुलूप लावलं होतं. काही विचारलं की नुसती मान हलवायचा. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. मला वाटलं, घसा बसलाय. मी आपली रोज त्याला ज्येष्ठमधाची काडी चघळायला लावत होते.

मी डोळे वटारले तेव्हा कुठे त्यानं फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि कसाबसा म्हणाला, "हॅलो."

पलीकडून त्याची आत्या किंचाळली, "दादा! कधी आलास रे? बहिणीला कळवायचं तरी!"

माझे हात परातीतच थांबले. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, सैन्यात आहे, तिकडे जम्मूला. सुट्टी दिवाळीशिवाय नाही.

लेकानं माझ्याकडे पाहिलं. मग छाती पुढे काढून, थेट बापाच्या थाटात म्हणाला, "आत्या, मी बोलतोय. बाबा दिवाळीला..." आणि आवाज पुन्हा चिरकला.

आत्या खो खो हसत सुटली. पण या वेळी तिच्याहून मोठ्यानं तोच हसत होता.

पोळ्या झाल्या, भाजी झाली, तरी फोन काही माझ्या हाती आला नाही. ओट्यावर अर्धवट चघळलेली काडी तेवढी पडली होती. ती मी केरात टाकली.